देवीला सिक लीव्ह नसते

दरवर्षी १२ मे आला की आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच चित्र येतं. पांढरी टोपी घातलेली एक सिस्टर, डोक्यामागे सोनेरी वलय आणि चार हात. एका हातात इंजेक्शन, एकात थर्मामीटर, एकात दिवा, चौथा आशीर्वादाला मोकळा. खाली जाड अक्षरांत ‘रुग्णसेवेची देवी’. पंचवीस जण हात जोडतात, दोन-तीन जण गुलाब टाकतात, आणि दहा मिनिटांनी कोणीतरी विचारतं की आज कॅन्टीनला मिसळ आहे का.

हे चित्र माझ्या डोक्यात जातं. गुलाब टाकणाऱ्यांवर राग नाही, बिचारी चांगली माणसं आहेत. राग आहे तो त्या चार हातांवर. चार हातांच्या बाईला दोघींचं काम एकटीने करायला सांगता येतं ना! शिवाय देवीला झोप लागत नाही, वाईट स्वप्नं पडत नाहीत, सिक लीव्ह लागत नाही, आणि तिचं काँट्रॅक्ट अकरा महिन्यांनी संपलं तरी ती एचआरच्या दारात जाऊन बसत नाही. एखाद्याला देव केलं की त्याला पगार, रजा आणि औषधोपचार देण्याची जबाबदारी आपोआप संपते. आपल्याकडे हे फार जुनं तंत्र आहे. आईवर वापरून झालं, मग शिक्षकांवर, आता नर्सेसवर.

तर मंडळी, आजचा विषय जड आहे. वीकेंडला सकाळी चहाबरोबर हलकंफुलकं काही हवं असेल त्यांनी पुढच्या शनिवारी या. :)

विषय असा. कोविडच्या वॉर्डात काम केलेल्या नर्सेसपैकी कितीतरी जणींना वॉर्ड रिकामे झाल्यावर जे सुरू झालं, त्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात किंवा त्याच्या अगदी शेजारचं काहीतरी म्हणतात. माझं म्हणणं आहे की ही कामावर झालेली इजा आहे. कारखान्यात मशिनमध्ये बोटं जातात तशी इजा. आणि बोटं गेलेल्या माणसाला आपण ‘तू योद्धा आहेस’ म्हणून शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवत नाही. (पाठवतो कधी कधी. पण निदान कायद्याने ते चूक आहे.)

आधी जरा २०२० आठवू या. गंमत म्हणजे ते वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने आधीच ‘नर्स आणि मिडवाइफ यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष’ म्हणून जाहीर केलेलं होतं, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला २०० वर्षं होत होती. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात दिल्लीपासून अनेक शहरांत घरमालक डॉक्टर-नर्सेसना खोल्या खाली करायला सांगत होते. म्हणजे पाच वाजता गॅलरीत थाळी आणि सव्वापाचला ‘सिस्टर, तुमचं सामान तेवढं...’ २२ एप्रिलला आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेचा वटहुकूम काढावा लागला. फुलं टाकायची, आणि ज्यांच्यावर टाकायची त्यांना मार बसू नये म्हणून कायदाही करायचा, असे आपण लोक! ३ मे ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर खरोखरच फुलं पडली. आणि त्याच महिन्यात कोलकात्याच्या खासगी हॉस्पिटलांतल्या मणिपूरच्या १८५ नर्सेस राजीनामे देऊन आपल्या गावी निघून गेल्या. त्यांना फुलं पोचली नसावीत.

सरकारने ५० लाखांचा विमाही जाहीर केला होता. चांगली गोष्ट होती, नाही म्हणत नाही. पण तो कशासाठी होता? कोविडची ड्युटी करताना मेलात तर. जिवंत राहिलात, नोकरीवर आहात, पण रात्री तीनला दचकून उठता आणि लिफ्टमध्ये पाय टाकवत नाही कारण लिफ्ट बंद झाली की पीपीई किटमधल्यासारखं गुदमरतं... तर त्याला रकाना नव्हता. आजही नाही.

आता ‘पीटीएसडी’ या शब्दाबद्दल थोडं. आपल्या धंद्यात हा शब्द फार स्वस्त झालाय. ‘त्या क्लायंटचा मला पीटीएसडी आहे यार’, ‘मार्चच्या रिलीजचा पीटीएसडी अजून गेला नाही’. नाही राजा, तुला तो नाहीये. तुला कंटाळा आलाय, फार तर बर्नआउट झालाय, आणि बर्नआउटसुद्धा वाईटच असतो, पण गोव्याला चार दिवस जाऊन आलास की तो बराच उतरतो. पीटीएसडी सुट्टीवर गेला की तुमच्याबरोबर विमानात बसतो.

हा आजार अधिकृत यादीत आला १९८० साली, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि आला तो मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यामुळे. त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बंदूकवाला पुरुष. पण व्हिएतनामला अमेरिकेच्या ज्या बायका गेल्या त्यातल्या बहुसंख्य नर्सेस होत्या. त्यांनी गोळी झाडली नव्हती. झाडलेल्या गोळ्यांचं काय होतं हे त्या बारा-बारा तास हातांनी हाताळत होत्या. १९८८ साली या सैनिकांचा एक मोठा राष्ट्रीय अभ्यास झाला. त्यात आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेले पुरुष सुमारे ३१ टक्के निघाले आणि बायका सुमारे २७ टक्के. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. जंगलात लढलेले आणि तंबूत सलाईन लावणाऱ्या यांच्यात फरक एवढाच. तरी त्या बायकांचं वॉशिंग्टनमधलं स्मारक उभं राहायला १९९३ साल उजाडलं. सैनिकांच्या नावांची भिंत १९८२ सालीच झाली होती.

तेव्हा ‘नर्सला कसला आलाय पीटीएसडी, ती काय सीमेवर होती का’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी निदान चाळीस वर्षं उशिरा विचारू नये.

मला हे सगळं वाचावं लागलं ते माझ्या मामेबहिणीमुळे. मी तिला ताई म्हणतो. अठरा वर्षं झाली तिला नर्सिंगमध्ये. कुठल्या शहरात, कुठल्या हॉस्पिटलात ते इथे लिहीत नाही, ती अजून नोकरी करते. खासगी हॉस्पिटल, काँट्रॅक्ट अकरा महिन्यांचं, दर वेळी नवीन. २०२० मध्ये सहा महिने आणि २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत जवळजवळ सलग ती कोविड आयसीयूत होती. त्या काळात फोनवर ती एकदम ठणठणीत असायची. आम्हालाच दरडावायची, मास्क नाकावर घ्या म्हणून.

पुढे २०२२ च्या दिवाळीत आम्ही सगळे मामाकडे जमलो होतो. ताईची मुलगी हार्मोनियमच्या क्लासला जाते, ती आतल्या खोलीत अवरोह घोटत बसली होती. सां नी ध प... आणि ताई फराळाची ताटली हातातून ठेवून उठली. म्हणजे ‘जरा बघून येते’ असं उठणं नव्हतं ते. ती धावली. पॅसेजमध्ये जाऊन थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. परत आली तेव्हा ब्लाउज घामाने भिजलेला.

आता हे टेक्निकल आहे, पण सांगतोच. आयसीयूतल्या मॉनिटरचा बीप नुसता बीप नसतो. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला की त्या बीपचा सूरही उतरत जातो. मुद्दाम तसं डिझाइन केलंय, म्हणजे सिस्टरची पाठ असली, ती दुसऱ्या पेशंटचं सक्शन करत असली तरी तिला स्क्रीनकडे न बघता कळावं. इंजिनियर म्हणून मी याला दाद देतो, उत्तम यूजर इंटरफेस आहे. एप्रिल २०२१ मध्ये तो सूर ताईच्या वॉर्डात रात्रभर उतरत होता. कधी या बेडचा, कधी त्या बेडचा, कधी दोन्ही एकदम. मुलीचा क्लास आता बंद आहे. मुलीला कारण सांगितलेलं नाही.

आणि ताई म्हणाली ते मला फार महत्त्वाचं वाटतं, ‘वॉर्ड भरलेला होता ना, तेव्हा काही वाटलं नाही रे. रिकामा झाल्यावर सुरू झालं.’

लोकांना वाटतं मरण बघून हे होत असेल. मरण नर्सेस रोज बघतात. अठरा वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईला मरणाची ओळख असते, तिची स्वतःची पद्धत असते, बॉडी पॅक करताना ती हळूच ‘चला आजोबा’ म्हणते, ओव्हर देते, घरी येऊन अंघोळ करते आणि जेवते. ते पेलतं. जे पेलत नाही ते वेगळंच असतं. एका नाइटला सहा व्हेंटिलेटर आणि दोन नर्सेस. त्यातली एक चार दिवसांपूर्वी ओपीडीतून उचलून आणलेली, व्हेंटिलेटर आयुष्यात पहिल्यांदा बघणारी. दोन बेडचे सूर एकदम उतरले. ताई डावीकडे गेली. डावीकडची बाई वाचली. उजवीकडचे काका गेले. सकाळी काकांच्या मुलाचा फोन आला. त्याने रडतबिडत काही नाही, एकच विचारलं, शेवटी त्यांच्याजवळ कोणी होतं ना? ताई म्हणाली, हो, मी होते.

ती नव्हती. आणि ते खोटं तिला अजून रोज रात्री बोलावं लागतं.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आयसीयूसाठी एका पेशंटमागे एक नर्स असा आहे. साध्या वॉर्डासाठी शिक्षण-रुग्णालयात तिघांमागे एक. हे निकष महामारीच्या आधी कुठे पाळले जात होते ते तुमच्या शेवटच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी वॉर्डात किती सिस्टर होत्या ते आठवून ठरवा. म्हणजे ज्या सिस्टिममध्ये एरवीच सीपीयू नव्वद टक्क्यांवर पळतोय, तिच्यावर एक दिवस दहापट ट्रॅफिक आलं. अशी सिस्टिम कोसळली तर आपण प्रोसेसरला ‘तू मनाने खंबीर हो’ असं वेबिनार दाखवत नाही. पण नर्सेसना नेमकं तेच दाखवलं गेलं! योगा फॉर कोविड वॉरियर्स, पाच मिनिटं श्वासावर लक्ष द्या, सकारात्मक विचारांची डायरी लिहा. बारा तास एन-९५ मध्ये श्वास कोंडलेल्या बाईला श्वासावर लक्ष द्यायला सांगणारा माणूस थोर असला पाहिजे.

अँड्र्यू जेमटन नावाच्या माणसाने १९८४ साली नर्सिंगमधल्या नैतिक प्रश्नांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने या दुखण्याला नाव दिलं, मॉरल डिस्ट्रेस. योग्य काय ते तुम्हाला माहीत आहे, ते करायचे हातही शिकलेले आहेत, पण संस्था तुम्हाला ते करू देत नाही. माणसं नाहीत, वेळ नाही, ऑक्सिजन नाही. लक्षात घ्या, १९८४. हे नाव सैनिकांवरून नाही आलं, नर्सेसवरूनच आलं. पुढे सैनिकांसाठी ‘मॉरल इंज्युरी’ हा शब्द रूढ झाला आणि तो जास्त गाजला. साहजिक आहे, युनिफॉर्म जास्त रुबाबदार.

२१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलात ऑक्सिजन टँकच्या ठिकाणी गळती झाली, पुरवठा तुटला, आणि त्या दिवशी २२ पेशंट गेले. आपण तो व्हिडिओ पाहिला, पांढरा धूर आणि पळणारी माणसं. तो धूर होता बाहेर. आत वॉर्डात त्या वेळी जी सिस्टर एका बेडवरून दुसऱ्या बेडकडे सिलिंडर ओढत होती तिचा व्हिडिओ नाही, आणि तो तिच्या डोक्यात किती वेळा सुरू होतो याचा काउंटरही नाही.

याच्यापुढची गोष्ट आणखी वाईट आहे. ६ नोव्हेंबर २०२१, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जिल्हा रुग्णालयाच्या कोविड आयसीयूला आग लागली. त्या दिवशी ११ पेशंट दगावले. वरचे काही अधिकारी निलंबित झाले. अटक कोणाला झाली? ड्युटीवरची एक महिला डॉक्टर आणि तीन नर्सेस. त्यांची चूक किती हे कोर्टाने ठरवायचं आहे, मी कोण बोलणारा. पण आपण सॉफ्टवेअरवाले एका बाबतीत बोलू शकतो. प्रॉडक्शन पडलं की चांगल्या कंपन्यांमध्ये ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ करतात. शेवटचं बटण कोणी दाबलं हे विचारत नाहीत, ते बटण दाबलं की सगळं पडेल अशी रचना कोणी आणि का ठेवली हे विचारतात. हे आपण एखाद्या शॉपिंग वेबसाइटसाठी करतो, जिथे फार तर कोणाची तरी साडी दोन दिवस उशिरा पोचते. आणि जिथे माणसं जळून मरतात तिथे आपण पहिल्यांदा त्या खोलीतली सगळ्यात कमी पगाराची बाई शोधतो. फुलं टाकल्यापासून दीड वर्षात देवीची आरोपी झाली.

अशा वातावरणात कोणती नर्स कबूल करेल की मला झोप येत नाही, हात थरथरतो, औषधाचा डोस तीनदा तपासते तरी खात्री वाटत नाही? ते कबूल करणं म्हणजे पुढच्या चौकशीत स्वतःविरुद्ध पुरावा देणं.

‘पण हे सगळं कोणाला आधी माहीत होतं?’ असं म्हणणारे भेटतात. माहीत होतं की! टोरांटोत २००३ साली सार्स आला. जगभरात साधारण ८,००० केसेस आणि ७७४ मृत्यू, कॅनडात ४४ मृत्यू. आपल्या मानाने खेळणं वाटेल. पण कॅनडातल्या केसेसपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त खुद्द आरोग्य कर्मचारी होते. पहिली लाट ओसरली असं समजून सगळे ढिले पडलेले असताना, मे महिन्यात नॉर्थ यॉर्क जनरल हॉस्पिटलच्या नर्सेस सांगत होत्या की वॉर्डात काहीतरी चुकतंय, हा सार्सच दिसतोय. वरून उत्तर आलं, नाही. मग दुसरी लाट आली. नंतर जस्टिस आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने हे सगळं लिहून ठेवलं, २००७ साली अंतिम अहवाल आला, आणि त्यातला मुख्य धडा असा की धोक्याचा शंभर टक्के पुरावा मिळेपर्यंत थांबू नका, आधी कर्मचाऱ्यांना संरक्षण द्या.

तिथल्या रॉबर्ट माँडर वगैरे डॉक्टरांनी आणखी एक काम केलं. सार्स संपून एक ते दोन वर्षं झाल्यावर त्यांनी टोरांटोतल्या, सार्सचे पेशंट सांभाळलेल्या कर्मचाऱ्यांची तुलना हॅमिल्टनच्या कर्मचाऱ्यांशी केली. हॅमिल्टन गाडीने तासाभरावर. तीच वर्तमानपत्रं, तीच भीती, फक्त सार्सचे पेशंट नाहीत. याहून चांगला कंट्रोल ग्रुप शोधून सापडायचा नाही. टोरांटोत बर्नआउट जास्त, मानसिक त्रास जास्त, पीटीएसडीची लक्षणं जास्त, आणि लोकांनी कामाचे तास आणि पेशंटशी थेट संपर्क कमी करत आणलेला. म्हणजे दोन वर्षांनी! ज्यांना ट्रेनिंग पुरेसं मिळालं, संरक्षण आणि आधार पुरेसा वाटला, त्यांचं दुखणं कमी.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की लक्षणं असणं आणि पूर्ण निदान होणं यात फरक आहे. त्याच टोरांटोत मुलाखती घेऊन रीतसर निदान केलं तेव्हा पूर्ण पीटीएसडीचं प्रमाण प्रश्नावलीवरून वाटेल त्यापेक्षा बरंच कमी निघालं. तेव्हा ‘प्रत्येक नर्सला पीटीएसडी आहे’ असं फॉरवर्ड कोणी पाठवलं तर ते पुढे ढकलू नका. पण अर्धवट लक्षणांनिशी रात्रपाळी करणारी बाई ही काही आनंदाची बातमी नाही. आणि ती कोणत्या गटातली आहे हे बघायला कोणीतरी तिला विचारायला तर हवं? ताईला आजपर्यंत तिच्या हॉस्पिटलात एकदाही कोणी विचारलेलं नाही.

आता नेहमीचे आक्षेप. ‘त्यांनीच हे प्रोफेशन निवडलं ना, पगार घेतात ना.’ पगाराचं बोलूच. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्या. किमान इतके तरी द्या असं देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला मध्ये घालून सांगावं लागलं, यावरून त्याआधी काय देत होते ते समजा. आणि निवडलं म्हणाल तर फायरमननेही आग विझवणं निवडलेलं असतं, म्हणून त्याला पाण्याशिवाय पाठवत नाहीत.

‘आपली माणसं चिवट असतात, ही थेरं पाश्चात्त्यांची.’ या वाक्यात ‘आपली माणसं’ म्हणजे बहुतेक वेळा आपल्या बायका असतात. बाई रडली नाही म्हणजे तिला दुखलं नाही, हे आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलोय. सावित्रीबाई फुले प्लेगच्या पेशंटची सेवा करताना प्लेगनेच गेल्या, १० मार्च १८९७. ते आपल्याला पाठ आहे, असायलाच हवं. पण त्या प्लेगमध्ये दवाखान्यांत राबून जिवंत राहिलेल्या बायांना आपल्या आठवणीत जागा नाही. सेवा करताना मेलेली बाई आपल्याला समजते. जगलेली, चिडचिडी झालेली, हार्मोनियम ऐकून पळणारी बाई आपल्याला समजत नाही, ती नाटकं करतेय असं वाटतं.

नाइटिंगेलचंही तेच. क्रिमियाहून १८५६ ला परतल्यावर पुढची कित्येक वर्षं ती बरीचशी अंथरुणाला खिळून होती. बहुधा ब्रुसेलोसिस असावा असा आजच्या अभ्यासकांचा कयास आहे. त्या अंथरुणातून तिने जे केलं ते दिवा घेऊन फिरण्यापेक्षा किती तरी मोठं होतं. सैनिक कशाने मेले त्याचे आकडे काढले, आलेख रंगवले आणि सरकारच्या तोंडावर मारले. १८५८ चे तिचे ते गोल आलेख आजही डेटा व्हिज्युअलायझेशनच्या पुस्तकांत असतात. आपण मात्र चित्रात तिच्या हातात दिवाच ठेवतो. आलेख दिला तर ती हिशोब मागेल ना.

‘कौन्सेलिंग उपलब्ध आहे की.’ आहे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही, फुकट. ओळखीत कोणी असेल तर नंबर जरूर द्या. आणि पीटीएसडीवर उपचार आहेत, ते लागू पडतात, हेही सांगा. ट्रॉमावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर ही त्यातली नावं. पण ते प्रशिक्षित माणसाकडे आठवडेच्या आठवडे करायचे असतात. हॉलमध्ये चाळीस जणींना एकदाच बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणणं म्हणजे उपचार नव्हे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या सूचनांमध्ये तर पीटीएसडी टाळण्यासाठी अशी डीब्रीफिंगची सेशन्स घेऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. आणि खरा प्रश्न हा की ते आठ-दहा आठवडे रजा कोण देणार, बदली नर्स कुठून आणणार, पैसे कोणाचे?

म्हणून मी पुन्हा पुन्हा इजा म्हणतोय. १९२३ च्या आपल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला व्यावसायिक आजारांची यादी जोडलेली होती. त्यात हॉस्पिटल किंवा लॅबच्या कामातून लागलेला संसर्गजन्य रोग पहिल्याच नोंदीत होता. शिसं, पारा, सगळं होतं. मनाचा एकही आजार नव्हता. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, यादी साधारण तशीच पुढे आली. म्हणजे वॉर्डात टीबी लागला तर ती कामाची इजा, वॉर्डात झोप गेली तर तुमचा स्वभाव. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पीटीएसडी आपल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत घातला तो २०१० साली. कोविडच्या दहा वर्षं आधी.

कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने २०१६ मध्ये एक साधी गोष्ट केली. पोलीस, फायरमन, पॅरामेडिक यांना पीटीएसडीचं निदान झालं तर तो कामामुळेच झाला असं गृहीत धरायचं. तसा नाही हे मालकाने किंवा विमा मंडळाने सिद्ध करावं. कर्मचाऱ्याने ‘कोणत्या दिवशी, कोणत्या बेडमुळे’ हे पुरावे देत बसायचं नाही. सिद्ध करण्याचा भार फिरवला, बस्स. या यादीत नर्सेस नव्हत्या. बंदूक, शिडी, सायरन यातलं काही त्यांच्याकडे नसतं म्हणून असेल. त्यांच्या संघटनांनी भांडून २०१८ मध्ये स्वतःला त्यात घालून घेतलं. आपल्याकडे मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या होत्या, भरती बाहेरच्या एजन्सीकडे देऊ नका म्हणून. म्हणजे तिकडे इजेचा भार कोणावर यावर भांडण, आणि इकडे अजून आम्हाला नोकरीवर म्हणा यावर. तेव्हा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची प्रतिक्रिया ‘आता यांचंही सुरू झालं का’ अशी होती. चार हातवाल्या चित्रावर गुलाब टाकणारेच होते त्यातले काही.

मागच्या पावसाळ्यात ताईने चार दिवस रजा काढली. अर्जात ‘आजाराचे स्वरूप’ असा रकाना असतो. तिने व्हायरल फीवर लिहिलं. इनचार्ज सिस्टरनेच सांगितलं तसं लिही म्हणून, काँट्रॅक्ट ऑक्टोबरमध्ये संपत होतं. इनचार्ज चांगली आहे. ती स्वतः दोन वर्षांपूर्वी पाठदुखी लिहून गेली होती.